उत्तरेच्या मैदानातला शरदारंभ

नैऋत्य मोसमी वारे पश्चिम राजस्थानातून परतू लागण्याची सरासरी तारीख हवामान खात्याच्या दप्तरी 2020 पासून 17 सप्टेंबर अशी असली, तरी सलग पाच दिवस पाऊस न पडणे, बाष्प लक्षणीय उणावणे आणि हवेच्या खालच्या थरांत प्रत्यावर्त स्थिरावणे, ही तिन्ही लक्षणे जुळल्याखेरीज खाते माघार जाहीर करीत नाही. दिल्लीची सरासरी तारीख 25 सप्टेंबर. पुढे पंजाब-हरियाणात आकाश निरभ्र होते, दुपारचे ऊन भाजत राहते आणि पहाटे भाताच्या लोंब्यांवर दव साचू लागते. अशा ऐन कापणीच्या सुमारास पश्चिमी विक्षोभाने अवेळी सर आणली, तर उभे पीक आडवे होते, आणि 17 टक्क्यांहून अधिक ओलावा असलेले धान्य सरकारी खरेदीत बसत नसल्याने शेतकऱ्याला मंडीत ते वाळवीत तिष्ठावे लागते.