पानांवाचून भागवणारी नेपती

दिल्लीत मुनिरक्याहून वसंत विहाराच्या बाजूला अरवली जैवविविधता उद्यान आहे. एके काळी इथे खाणी होत्या, पुढे विलायती बाभूळ माजली. दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठ यांनी मिळून इथे अरवलीची मूळ झाडं परत आणायला घेतली. या टेकड्यांची अस्सल रहिवासी म्हणजे केर. नगर-सोलापूरकडच्या माळावर हीच नेपती. लांबून बघणाऱ्याला वाटावं, झुडूप वाळून गेलंय.

जवळ गेलं की काड्यांचा गुंता चक्क हिरवा दिसतो. कोवळ्या फुटव्यांवर चिमुकली, टोकदार पानं येतात आणि लगेच गळतातही. पानं म्हणजे पाण्याचा खर्च: हवा आत घ्यायला रंध्रं उघडली की वाफ बाहेर पडणारच, आणि पान जितकं पसरट तितकी जास्त. नेपतीने अन्न तयार करायचं काम फांद्यांकडेच सोपवलंय. त्यांची साल जाड आणि मेणचट, रंध्रं आत दबलेली. मुळं खोल ओलीपर्यंत गेलेली. त्यामुळे उन्हाळ्यात तिचं अडत नाही. वाढ मात्र संथ. पाणी वाचवायचं तर घाई परवडत नाही! पेरापेराला काट्यांची जोडी असते, म्हणून हिरव्या काडीला गुरं सहसा तोंड लावत नाहीत. वरून तोडली तरी मुळांतून नवे फुटवे येतात आणि हळूहळू जाळी होते.

मार्च-एप्रिलमध्ये आसपास सगळं करपत असताना ती विटकरी-लाल फुलांनी भरते. फूल हातात घेऊन बघण्यासारखं असतं. पाकळ्या चार, बाहेरच्या दलांपैकी एक पिशवीसारखं फुगलेलं. बीजकोश फुलाच्या तळाशी नसून लांब दांडीच्या टोकाशी बसतो. पुढे फळ धरतं ते त्याच दांडीवर. पिकलं की लालबुंद होतं, पाखरं खातात आणि बिया लांब नेऊन टाकतात.

माणसाला हवं असतं ते कच्चं, हिरवं फळ. ते कडू. राजस्थानात मिठाच्या पाण्यात किंवा ताकात काही दिवस भिजवून त्याचा कडूपणा काढतात, मग लोणचं घालतात, नाहीतर वाळवून सांगरीच्या शेंगांबरोबर भाजी करतात. सुकवलेले केर विकत घेताना दाणा बारीक बघावा. मोठ्या फळात बी टणक झालेलं असतं, म्हणूनच बारीक दाण्याला भावही चढा लागतो.