ब्राह्मी लावताना बेणं ओळखा, पाणी पारखा



मागच्या भागात आपण गांडूळखतावर बोललो. त्यानंतर दोन-तीन गटांकडून एकच प्रश्न आला. "आमच्या विहिरीजवळ बारा महिने ओल असते. भाजी लावली की मुळं कुजतात. तिथं ब्राह्मी लावली तर येईल का?"

येईल. ब्राह्मी ही पाणथळ जागेचीच वनस्पती आहे. ओढ्याच्या कडेला, भाताच्या बांधाखाली, तळ्याच्या काठावर ती आपली आपण पसरते. लावायलाही सोपी आहे. पण सोपी आहे म्हणूनच आमचा गट एकदा नाही, दोनदा फसला. आज लागवड तर सांगूच, पण आमच्या चुकाही सांगू. तुमच्या गटाचे पैसे आणि कष्ट तरी वाचतील.

पहिली चूक: नाव एक, झाडं दोन

पहिल्या वर्षी आम्ही अकरा जणींनी मिळून एक गुंठा जागा धरली. गटाच्या अंतर्गत कर्जातून चार हजार रुपये घेतले. बेणं विकत आणायची गरज नाही असं सगळ्यांचं मत पडलं, कारण ओढ्याकाठी ब्राह्मी भरपूर होती. आमच्या आज्या-सासवा तिला ब्राह्मीच म्हणत आल्या. तेलात घालायच्या, त्याचं तेल डोक्याला लावायच्या. तीच आणून लावली. छान पसरली. वाळवली, दोन पोती भरली आणि एसटीने जिल्ह्याच्या गावी व्यापाऱ्याकडे नेली.

त्यांनी पोत्यात हात घातला, पान चुरून बघितलं आणि म्हणाले, "ताई, माल स्वच्छ आहे, पण ही मंडूकपर्णी. मला ब्राह्मी पाहिजे होती." दोन्ही पोती घेऊन आम्ही परत आलो. जायचं-यायचं भाडं अंगावर पडलं ते वेगळंच.

व्यापाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पतींना ब्राह्मी म्हणतात. आयुर्वेदिक औषधकोशात मात्र दोन्हींची नोंद वेगवेगळी आहे. ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी, जिला जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मीही म्हणतात. आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. मंडूकपर्णी काही हलकी नाही. चरकसंहितेत बुद्धीसाठी सांगितलेल्या चार रसायनांत तिचं नाव आहे. पण एकीच्या नावाखाली दुसरी विकता येत नाही. औषध बनवणारा ज्या वनस्पतीचं नाव डबीवर छापतो, तीच त्याला लागते.

ओळख अवघड नाही. पान हातात घ्या आणि बघा.

मंडूकपर्णीचं पान गोलसर, मूत्रपिंडासारखं असतं. कडेला बारीक कातरलेलं. प्रत्येक पानाला लांब देठ असतो आणि तो जमिनीजवळून वर येतो.

ब्राह्मीचं पान अगदी लहान असतं, एक-दोन सेंटिमीटरचं. जाडसर, रसरशीत, टोकाकडे जरा रुंद, आणि देठ जवळजवळ नाहीच. घोळीच्या भाजीच्या पानाची आठवण येते. पानं दांडीवर समोरासमोर जोडीनं येतात. दांडीही रसाळ असते आणि जमिनीला टेकली की प्रत्येक पेराला मुळं फुटतात. फूल छोटं, पाच पाकळ्यांचं, पांढरं किंवा फिकट जांभळं. चव कडू.

एवढं बघूनही शंका राहिली तर एक रोप मुळासकट उपटून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. नुसता फोटो नको, रोप न्या. आम्ही हे आधी केलं असतं तर दोन पोती परत वाहावी लागली नसती.

लागवड कशी करायची?

ब्राह्मीचं बी फार बारीक असतं. त्याच्या नादी लागू नका. ती छाटापासूनच लावायची, जसं आपण रताळ्याचे वेल लावतो.

निरोगी, हिरव्यागार फांदीचे बोटभर, म्हणजे पाच ते दहा सेंटिमीटरचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला तीन-चार पेरं हवीत. मुळं फुटलेला तुकडा असेल तर आणखी चांगलं. तोडलेलं बेणं उन्हात ठेवू नका. ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि शक्यतो त्याच दिवशी लावा.

पाऊस लागून जमीन नीट भिजली की, म्हणजे जून-जुलैत, लावणी करावी. वाफ्याची माती भुसभुशीत करून घ्या, तण वेचून काढा आणि गुंठ्याला साधारण 50 किलो चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. कच्चं शेण घालू नका, तणाचं बी त्यातूनच येतं. मग भातासारखा हलका चिखल करा. दोन तुकड्यांत आणि दोन ओळींत चार-चार इंच अंतर ठेवा. तुकड्याची एक-दोन पेरं मातीत दाबायची, शेंडा वर ठेवायचा.

या अंतरानं एका गुंठ्याला जवळजवळ 10,000 तुकडे लागतात. आकडा ऐकून घाबरू नका. एवढं बेणं विकत घेऊच नका. पहिल्या वर्षी थोडी खात्रीची रोपं आणा, एका छोट्या वाफ्यात वाढवा आणि त्याच्याच फांद्या तोडून पुढचा वाफा लावा. लखनौच्या सीमॅप या संस्थेनं 'प्रज्ञाशक्ती' आणि 'सुबोधक' असे ब्राह्मीचे दोन वाण काढले आहेत. रोपवाटिकेत रोपं घेताना वाण कोणता, बेणं कुठून आणलं, हे विचारा.

यातलं एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. छाटापासून आलेलं रोप हे आईची हुबेहूब नक्कल असतं. आई चांगली तर सगळा वाफा चांगला. आई चुकीची तर चूकच दहा हजार वेळा लावली जाते. आमचं पहिल्या वर्षी तेच झालं.

पहिले दोन-तीन आठवडे रोपं रुजेपर्यंत जपावं लागतं. जोराच्या पावसात कोवळं बेणं वाहून जातं, म्हणून वाफ्याला बांध घाला आणि जादा पाण्याला वाट ठेवा. माती सतत ओली हवी, पण रोप बुडेल इतकं पाणी दिवसेंदिवस तुंबू देऊ नका. पंधरा-वीस दिवसांनी पहिली खुरपणी करा, मग दर तीन आठवड्यांनी वाफ्यावर नजर टाका. तण हातानेच उपटा, कारण ब्राह्मीची मुळं वरवर असतात आणि खुरप्यानं तुटतात. एकदा तिनं जमीन झाकली की तण आपोआप कमी होतं. नाकतोडे पानं खाताना दिसले तर निंबोळी अर्क फवारा. पण तोडणी जवळ आली असेल तर तोही नको.

दुसरी चूक: पाण्याची

दुसऱ्या वर्षी आम्ही बेणं खात्रीचं आणलं. जागा निवडली हातपंपाच्या खालची. तिथं धुण्याभांड्याचं पाणी येतं आणि वरच्या अंगाच्या गॅरेजचा ओहोळही त्यालाच मिळतो. सांडपाण्याचा उपयोग झाला म्हणून आम्ही खूश होतो. ब्राह्मी अशी माजली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. आमच्या गटातल्या एका काकींनी तर दहावीतल्या नातवाला रोज सकाळी तिचा रस द्यायला सुरुवात केली.

त्याच सुमारास गावात आरोग्य शिबिर होतं. शिबिराला आलेल्या वैद्यबाईंना आम्ही हौसेनं वाफा दाखवला. त्यांनी ब्राह्मीकडे नाही, ओहोळाकडे बघितलं आणि विचारलं, "हे पाणी तुम्ही प्याल का?"

कुणीच बोललं नाही. काकींनी तर खाली बघितलं.

मग त्यांनी समजावलं. ब्राह्मी पाण्यातले आणि मातीतले शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून घेते आणि आपल्या अंगात साठवते. हा गुण तिच्यात इतका आहे की दूषित पाणी स्वच्छ करायला तिचा वापर करता येईल का, यावर शास्त्रज्ञांनी अभ्यास केलेला आहे. गॅरेजमधलं ऑइल, बॅटरीचं पाणी, रंग, कारखान्याचं पाणी, यांतून असे धातू येऊ शकतात. वरची घाण धुतल्यानं जाते. रोपाच्या आत गेलेलं शिसं धुऊन जात नाही, वाळवूनही जात नाही. आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूलाच सगळ्यात जास्त बाधतं. म्हणजे बुद्धी वाढावी म्हणून दिलेला रस उलटाच व्हायचा.

काकींनी त्याच दिवशी रस बंद केला. आम्ही तो वाफा उपटला आणि जनावरांनाही घातला नाही. हिरवागार वाफा उपटताना जिवावर आलं, खोटं कशाला बोलू? पण ती ब्राह्मी आम्ही विकली असती तर ती कुणाच्या तरी लेकराच्याच पोटात गेली असती.

तेव्हापासून आमच्या गटाचा नियम ठरला आहे. जे पाणी आपण पिऊ शकतो, तेच पाणी ब्राह्मीला. विहिरीचा पाझर, झऱ्याचं पाणी, भाताच्या वाफ्याची ओल चालते. मात्र भातावर औषध फवारत असाल तर तिथलं पाणीही नको. गटार, रस्त्याकडेची चारी, गोठ्याचं मूत मुरतं ती जागा, यांपासून लांब राहा. आणि ओढ्याकाठची रानातली ब्राह्मी ओरबाडूनही विकू नका. पाण्याचा भरवसा नसतो आणि ती संपली की परत यायला वेळ लागतो.

तोडणी आणि वाळवणी

लावणीनंतर साधारण तीन महिन्यांनी पहिली तोडणी येते. विळ्यानं कापताना बुडखा चार-पाच सेंटिमीटर ठेवा. ओल टिकली तर त्यातून पुन्हा फूट येते आणि दोन-तीन महिन्यांनी दुसरी तोडणी मिळते. मुळासकट उपटली तर पुढचं पीक आणि पुढचं बेणं, दोन्ही जातं.

कापलेली ब्राह्मी स्वच्छ पाण्यात दोनदा धुवा. माती, दुसरं गवत, पिवळी पानं वेचून काढा. मग सावलीत, हवेशीर जागी, स्वच्छ कापडावर पातळ पसरा आणि रोज उलटत राहा. रसाळ असल्यामुळे वाळायला आठ-दहा दिवस लागतात. ढीग केलात तर बुरशी धरते. दांडी मोडल्यावर कट्‌ असा आवाज आला की वाळली समजायचं. मग कोरड्या पोत्यात भरा, जमिनीपासून उंच ठेवा आणि वर्षभर साठवत बसू नका.

भाव ठरवण्याआधी एक हिशेब स्वतः करा. एक किलो ओली ब्राह्मी वाळवा आणि पुन्हा तोला. ओली म्हणजे बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे तागडीवरचा आकडा बघून मन खट्टू होईल. पण तोच खरा आकडा. मजुरी आणि भाडं त्यावरच मांडा.

विकायची कशी?

आधी गिऱ्हाईक, मग लागवड. ज्यांना विकायची त्यांच्याकडून ओली हवी की वाळलेली, किती हवी, कोणत्या भावानं, हे कागदावर घ्या. "आमच्याकडून महाग रोपं घ्या, सगळा माल आम्हीच उचलू," असं म्हणणाऱ्यांना आधी विचारा, मागच्या वर्षी कुणाचा माल उचलला? त्या बायांशी बोला, मग पैसे काढा.

रोपं विकणं, वाळलेली ब्राह्मी कच्चा माल म्हणून देणं, ही कामं गट करू शकतो. पण तेल, चूर्ण, सिरप बनवून औषध किंवा सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायचं तर सरकारी परवाना लागतो. आणि घरात पोटात घ्यायची असेल तर वैद्यांना विचारून घ्या. उपाशीपोटी किंवा जास्त घेतली तर मळमळ, पोटात कळ, जुलाब होऊ शकतात. गरोदर बाई, लहान मूल, आणि ज्यांना आधीच काही गोळ्या चालू आहेत त्यांनी तर मनानं घेऊच नये.

यंदा आमचा वाफा अर्धाच गुंठा आहे, झऱ्याखाली. पहिल्या वर्षीचं कर्ज अजून पूर्ण फिटलेलं नाही. पण परवा त्याच व्यापाऱ्यांकडे नमुना नेला. त्यांनी पान चुरलं, चाखून तोंड कडू केलं आणि पाणी कुठलं ते विचारलं. या वेळी आम्हाला उत्तर देता आलं.

पुढच्या बैठकीत तुमच्या गावात ब्राह्मी म्हणतात ती एक-एक डहाळी सगळ्यांनी आणा. शेजारी-शेजारी ठेवा. गोल पानाची किती आणि जोडपानाची किती, ते मोजा. मग आम्हाला कळवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.