नायट्रस किट: ऑक्सिजन देणं सोपं, सांभाळणं अवघड

परवा एक ज्युनिअर लॅबमध्ये आला आणि म्हणाला, "ताई, गाडीला नायट्रस किट बसवायला किती वेळ लागतो?" अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगचे व्हिडिओ बघून आला होता. मी म्हटलं, "बसवायला एक दिवस. त्याआधी विचार करायला एक आठवडा."

तो हसला, पण मी गंमत करत नव्हते. रिसर्चकडे वळणाऱ्यांसाठी हे किट म्हणजे प्रयोग कसा आखावा याचं फार चांगलं उदाहरण आहे. म्हणून आज त्याच्यावरच लिहिते.

नायट्रस जळत नाही

पहिला गैरसमज काढून टाकू. नायट्रस ऑक्साइड हे इंधन नाही. ते ऑक्सिजन वाहून आणतं. सिलिंडरमधल्या तापमानाला त्याचा रेणू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो, आणि त्या ऑक्सिजनमुळे तुम्ही जास्त पेट्रोल जाळू शकता. ताकद येते ती या जास्तीच्या पेट्रोलमधून.

रेणूभार ४४, त्यात ऑक्सिजन १६. म्हणजे वजनाने सुमारे ३६ टक्के ऑक्सिजन. हवेत वजनाने हेच प्रमाण २३ टक्के असतं. शिवाय बाटलीत ते द्रवरूपात असतं. बाहेर पडताना त्याची वाफ होते आणि आत जाणारी हवा थंड, म्हणजेच दाट होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी हीच युक्ती वापरली होती. खूप उंचीवर हवा विरळ, मग ऑक्सिजन टाकीतून न्यायचा. रेसिंगवाल्यांनी ती जमिनीवर आणली.

आता थोडी आकडेमोड

वही घ्या. पेट्रोलच्या जागी ऑक्टेन धरू. एक रेणू पूर्ण जळायला नायट्रसचे २५ रेणू लागतात. वजनात मांडलं तर ११०० भागिले ११४, म्हणजे साधारण ९.६. हवेसाठी हेच गुणोत्तर १५ च्या आसपास येतं. म्हणजे एक किलो नायट्रससोबत एक किलो हवेपेक्षा बरंच जास्त पेट्रोल द्यावं लागतं. हा पहिला धडा.

दुसरा धडा जास्त महत्त्वाचा. ५० हॉर्सपॉवरच्या किटमधून ढोबळमानाने सेकंदाला २० ग्रॅम नायट्रस जातं असं धरा. जेटचं भोक ठरलेलं, बाटलीचा दाब ठरलेला, म्हणून हा प्रवाहही ठरलेला. इंजिन किती आरपीएमवर फिरतंय हे नॉझलला माहीतच नसतं!

१.६ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन घेऊ. ३००० आरपीएमला सेकंदाला १०० इनटेक स्ट्रोक होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ०.२ ग्रॅम नायट्रस. ६००० ला ०.१ ग्रॅम. आणि १५०० ला? ०.४ ग्रॅम. एका स्ट्रोकमध्ये हवा साधारण ०.४ ग्रॅम येते, त्यात ऑक्सिजन ०.०९ ग्रॅम. ०.४ ग्रॅम नायट्रसमधला ऑक्सिजन मात्र ०.१४ ग्रॅमच्या पुढे जातो. म्हणजे हवेतून येतो त्याच्या दीडपट ऑक्सिजन वरून आला! कनेक्टिंग रॉड वाकतात ते इथे. कमी आरपीएमवर बटण दाबायचं नाही हा नियम आपण वहीवरच काढला.

किटमधली अर्धी वस्तू "नाही" म्हणायला असते

किट उघडलं की बाटली, लाइन, दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह, नॉझल, जेट आणि वायरिंग दिसतं. 'ड्राय' किटमध्ये नॉझलमधून फक्त नायट्रस जातं, जास्तीचं पेट्रोल इंजिनच्या इंजेक्टरनी द्यायचं. 'वेट' किटमध्ये नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही एकाच नॉझलमधून जातं. एक सोलेनॉइड नायट्रसचा, दुसरा पेट्रोलचा. पहिल्यांदा बसवणारे बहुतेक वेट किट घेतात, कारण जोडी सोबतच राहते.

उरलेल्या वस्तूंचं काम नीट बघा. आर्मिंग स्विच: मी ठरवल्याशिवाय नाही. थ्रॉटल स्विच: ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्याशिवाय नाही. विंडो स्विच: समजा ३००० आरपीएमच्या खाली नाही आणि रेव्ह लिमिटरच्या जवळ नाही. फ्युएल प्रेशर स्विच: पेट्रोलचा दाब पडला तर नाही. हे सगळे एकामागोमाग जोडलेले असतात. एकाने जरी नकार दिला, तरी सोलेनॉइड उघडत नाही.

इतके पहारेकरी का? वेट किटचं नॉझल थ्रॉटल बॉडीच्या थोडं आधी, पण एअरफ्लो सेन्सरच्या पुढे बसतं. त्यामुळे ईसीयूला हा वरचा ऑक्सिजन दिसत नाही. पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण लीन होतं, इंजिन नॉक करायला लागतं आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळतं. यात काही सेकंदच जातात. तुमचा पाय उचलेपर्यंत उशीर झालेला असतो.

बाटलीचं तापमान

बाटली डिकीत, लेबल वर आणि व्हॉल्व्ह गाडीच्या पुढच्या बाजूला ठेवून बसवतात. आतल्या नळीचं टोक तळाशी, मागच्या बाजूला असतं. गाडी जोरात निघाली की द्रव मागे सरकतो, म्हणून तो तिथूनच उचलायचा. उलट बसवली तर नळीत वायू येतो, नायट्रस कमी जातं आणि सगळं गणित बिघडतं.

किटचे जेट साधारण ९०० ते १००० पीएसआय दाब धरून दिलेले असतात. हा दाब ३० अंश सेल्सिअसच्या आसपास मिळतो. २० अंशाला तो बराच खाली येतो. आणि ३६.४ अंशाच्या वर? ते नायट्रसचं क्रिटिकल तापमान. त्याच्यावर द्रव आणि वायू हा फरकच उरत नाही आणि भरलेल्या बाटलीतला दाब झपाट्याने चढतो. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीची डिकी आठवा. बाटलीला फुटणारी सेफ्टी डिस्क असते ती याचसाठी.

मी काय चुकले

एमटेकला असताना मी सिंगल सिलिंडर टेस्ट इंजिनला हवेसोबत जास्तीचा ऑक्सिजन देत होते. घाई होती. पेट्रोल लाइनमधला दाब मी लॉगच केला नव्हता, "तो काय बदलणार?" म्हणून. फिल्टर चोंदत आला होता. साध्या हवेवर इंजिन तेवढ्यावर भागवत होतं. ऑक्सिजन वाढवला आणि पाचव्या रनला आवाज बदलला. इंजिन उघडलं तर पिस्टनला भोक.

सर ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "बेसलाइन कुठे आहे?"

नव्हती. ऑक्सिजन न देता, पूर्ण लोडवर, सगळे दाब आणि तापमानं नोंदवलेला एकही रन माझ्याकडे नव्हता. त्यामुळे इंजिन माझ्या प्रयोगामुळे गेलं की आधीच आजारी होतं, हे मला सिद्ध करता आलं नाही. इंजिन दुरुस्त झालं. त्या चार महिन्यांचा डेटा मात्र थीसिसमध्ये एका ओळीपुरताही आला नाही.

म्हणून क्रम असा

१. आधी काहीही न बसवता डायनोवर बेसलाइन घ्या. कॉम्प्रेशन, पेट्रोलचा दाब, एअर-फ्युएल रेशो, सगळं लिहून ठेवा.

२. मग तयारी: एक पायरी थंड प्लग, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, टायमिंग मागे. रूढ ठोकताळा दर ५० हॉर्सपॉवरला दोन अंशांचा आहे. पंप पुरेसं पेट्रोल देतो का, ते मोजा.

३. बाटली बंद ठेवून प्रत्येक स्विच एकेक करून तपासा. "नाही" म्हणायला हवं तिथे तो खरंच "नाही" म्हणतो का?

४. सगळ्यात लहान जेटने सुरुवात करा. एक रन, मग प्लग काढून बघा. एका वेळी एकच बदल.

हे सगळं डायनोवर किंवा रेस ट्रॅकवर. आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीत असे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत. उच्च दाबाच्या बाटल्यांना गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू होतात, आणि ते बघणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

ज्युनिअरला मी शेवटी एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, "किट विसर. तुझ्या स्वतःच्या प्रयोगात काय काय बिघडू शकतं ते लिही, आणि प्रत्येकासमोर लिही, ते बिघडलं हे तुला कसं कळेल?" सात ओळी झाल्या. तीन ओळींसमोर त्याला काहीच लिहिता आलं नाही.

त्या तीन जागी आधी सेन्सर लावायचा. मग प्रयोग सुरू करायचा.