मुलाचें पाणी आणि औषधाची बाटली

आमच्या शहरांतील कोणत्याही पेठेंत संध्याकाळच्या वेळीं औषधाच्या दुकानापुढें घटकाभर उभें राहिलें, तर एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. दीड-दोन वर्षांचें मूल कडेवर घेऊन आई किंवा आजी येते. मुलास खोकला झाला आहे, जुलाब होत आहेत, अंग तापलें आहे, असें सांगते. आणि दुकानदार मागच्या फळीवरून एक बाटली काढून तिच्या हातीं देतो. मुलाचें वजन किती हें तो विचारीत नाहीं, आणि मूल पाणी पितें कीं नाहीं हेंहि विचारीत नाहीं. देणाऱ्यास वाटतें, आपण उपकार केला. घेणारीस वाटतें, आपण उपचार केला. या उपकार-उपचाराच्या घोटाळ्यांत मुलाच्या पदरीं काय पडतें, याचा विचार करण्याचें आज आम्ही योजिलें आहे.

एक ते तीन वर्षांचें वय हें मोठें नाजूक. मूल चालूं लागतें, हातीं लागेल तें तोंडांत घालतें, आईचें दूध कमी होतें, आणि बाहेरच्या जगांतील रोगजंतूंशीं त्याची पहिली ओळख याच काळांत होते. अशा मुलास वर्षांतून सहा-आठ वेळां सर्दी-पडसें झालें, तर तें मूल रोगट आहे असें मानण्याचें कारण नाहीं. हीं दुखणीं बहुधा विषाणूंचीं असतात, आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतात, आणि त्यांवर अँटिबायोटिक औषधाचा कांहीं एक उपयोग होत नाहीं. म्हणजे पुष्कळ प्रसंगीं आईबापांचें कर्तव्य औषध पाजणें हें नसून मुलावर नजर ठेवणें हें असतें. परंतु कांहींच न देणें म्हणजे हयगय करणें, अशी आमच्या लोकांची समजूत होऊन बसली आहे, आणि अनर्थाचें मूळ तेथेंच आहे.

प्रथम जुलाबाची गोष्ट घेऊं. आमचे बरेच वाचक व्यापारी आहेत, म्हणून त्यांच्याच भाषेंत सांगतों. शरीर ही पाण्या-मिठाची पेढी आहे. जुलाब सुरू झाला म्हणजे खर्चाची बाजू एकाएकीं वाढते. अशा वेळीं जमेची बाजू वाढवावी, कीं तीहि बंद करावी? पेढीवर याचें उत्तर कोणीहि मुनीम देईल. पण घरांत आम्ही उलट करितों. ‘पोटास विश्रांति द्या’, ‘पाणी दिलें कीं तें तसेंच बाहेर पडतें’, असें म्हणून मुलाचें पाणी तोडतों, दूध तोडतों, अन्न तोडतों. जुलाबानें जीं मुलें दगावतात, तीं बहुतेक शरीरांतील पाणी व क्षार आटल्यामुळें दगावतात. तहानेनें व्याकुळ झालेल्या मुलास पाणी नाकारणें हें अज्ञानानें केलेलें क्रौर्यच होय.

आंतड्याचा एक धर्म ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. मीठ व साखर हीं योग्य प्रमाणांत एकत्र आलीं, म्हणजे तीं हातांत हात घालून आंतड्याच्या भिंतींतून आंत शिरतात आणि आपल्याबरोबर पाण्यासहि ओढून नेतात. जुलाब चालू असतांनाहि हें काम थांबत नाहीं. याची कसोटी सन १९७१ मध्यें लागली. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीचा कहर झाला, आणि शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, साखर व खाण्याचा सोडा यांचें मिश्रण पिंपांत कालवून रोग्यांस तोंडावाटे पाजण्याचें धाडस केलें, आणि पाजण्याचें काम रोग्यांच्या आप्तांवर सोंपविलें. जेथें शेंकडा तीस रोगी मरत होते, तेथें तें प्रमाण शेंकडा चारच्याहि खालीं आलें. आज ओआरएस म्हणून जी पुडी मिळते, तिचें महत्त्व जगास पटविणाऱ्या कार्यांत या छावणीची गणना होते. या पुडीची किंमत एका चैनीच्या चॉकलेटाहून अधिक नाहीं.

पण पुडी घरांत असून चालत नाहीं. ती वापरतां आली पाहिजे. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, लहान पुडी २०० मिलीलिटरची. पुडीवर लिहिलेलें वाचून तितक्याच उकळून गार केलेल्या पाण्यांत ती सबंध घालावी. पेलाभर पाण्यांत चिमूट-चिमूट टाकूं नये, कारण पाणी कमी पडून मिठाचा अंश वाढला तर अपाय होतो. केलेलें पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावें. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलीलिटर, त्यावरील मुलास १०० ते २०० मिलीलिटर, चमच्याचमच्यानें पाजावें. ओकारी झाली तर दहा मिनिटें थांबून पुनः अधिक सावकाश सुरू करावें. पुडी हाताशीं नसेल तर एक लिटर पाण्यांत सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, यांवर तात्पुरतें भागवावें. आईचें दूध बंद करूं नये; मऊ वरणभात, मुगाची खिचडी, केळें, ताक हीं चालू ठेवावीं. सहा महिन्यांवरील मुलास जस्ताची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक याप्रमाणें १४ दिवस द्यावी, म्हणजे दुखणें लवकर आटोपतें व पुढील कांहीं महिने पुनः जुलाब होण्याचा संभव कमी होतो.

येथें व्यापाऱ्यांस एक इशारा देणें प्राप्त आहे. ओआरएस हीं अक्षरें नांवांत घालून साखरेचीं गोड पेयें बाजारांत विकलीं जात होतीं. तीं पाजल्यानें जुलाब वाढण्याचा धोका असतो. सन २०२५ च्या ऑक्टोबरांत सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें अशा पेयांच्या नांवांत हीं अक्षरें वापरण्यास मनाई केली. गिऱ्हाईक मागेल तें देणें हा दुकानाचा धर्म खरा. पण आजारी मुलासाठीं मागणाऱ्यास खरी पुडी कोणती हें दाखवून देणें हा त्याहून मोठा धर्म होय.

‘दांत येत आहेत, म्हणून जुलाब होतात’ हेंहि वाक्य घरोघर ऐकूं येतें. दांत येतांना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, मूल किरकिरें होतें, हें खरें. पण त्यानें मोठा ताप येत नाहीं व पाण्यासारखे जुलाब होत नाहींत. हिरड्या शिवशिवल्यामुळें मूल घाणेरडी वस्तु तोंडांत घालतें, आणि जुलाब त्या घाणीचे असतात. दोष दांतांचा नव्हे, हातांचा आहे. आणि त्यावर साबणासारखा दुसरा उपाय नाहीं.

आतां खोकल्याच्या बाटलीकडे वळूं. सन १९८६ मध्यें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत भेसळीच्या ग्लिसरीननें १४ रोगी दगावले, आणि न्यायमूर्ति लेंटिन यांच्या चौकशीनें औषधखात्यांतील सारी घाण उजेडांत आणली. त्या ग्लिसरीनमध्यें डायएथिलीन ग्लायकॉल नांवाचें, मूत्रपिंडांचा घात करणारें विष होतें. एवढ्या धड्यानंतर शहाणपण यावयास हवें होतें. पण सन २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत मध्य प्रदेशांतील छिंदवाडा भागांत तेंच विष खोकल्याच्या पातळ औषधांतून मुलांच्या पोटांत गेलें, आणि वीसांहून अधिक मुलें मेलीं. त्यांपैकीं कित्येकांवर आमच्या नागपुरांत उपचार चालले होते. शेंकडा एक दशांशाहून अधिक असूं नये असें तें द्रव्य औषधांत जवळजवळ निम्मे निघालें. ध्यानांत घेण्याची गोष्ट ही कीं, त्यांतील अनेक मुलांस तें औषध डॉक्टरानेंच लिहून दिलें होतें. म्हणजे चिठ्ठी होती, गरज नव्हती. साध्या सर्दीखोकल्यास बाटली लागत नाहीं, हें आईबापांस, वैद्यास व दुकानदारास ठाऊक असतें आणि तिघे त्याप्रमाणें वागते, तर तीं मुलें आज अंगणांत खेळत असतीं. केंद्र सरकारच्या आरोग्यखात्यानें त्यानंतर पुनः बजाविलें आहे कीं, दोन वर्षांखालील मुलांस सर्दीखोकल्याचीं औषधें देऊं नयेत, आणि पांच वर्षांखालीं तीं सामान्यतः टाळावींत. वर्षावरील मुलास कोमट पाणी व झोंपतांना अर्धा चमचा मध पुरतो. वर्षाच्या आंतील मुलास मात्र मध मुळींच चाटवूं नये.

मग डॉक्टराकडे केव्हां जावें? मूल शांत असतांना पूर्ण मिनिटभर त्याच्या श्वासाची गणती करावी. एक ते पांच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटास चाळीस किंवा अधिक भरला, अथवा श्वास घेतांना छाती खालीं खोल ओढली जाऊं लागली, तर रात्र आहे कीं अमावास्या आहे हें पाहूं नये. डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाहीं, मूल मलूल पडलें, पीत नाहीं, शौचांत रक्त दिसलें, तरीहि तसेंच. तापांत झटका आला तर कांदा किंवा जोडा हुंगवूं नये, दांतखिळींत चमचा घालूं नये. मुलास कुशीवर निजवावें, घड्याळ पाहावें, आणि पांच मिनिटांत झटका न थांबल्यास तडक रुग्णालय गांठावें. लवकर थांबला तरी त्याच दिवशीं मूल दाखवून आणावें.

हें सारें झालें दुखणें आल्यानंतरचें. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील सहा महिने ते पांच वर्षे वयाच्या मुलांपैकीं शेंकडा ६८.९ मुलांच्या अंगांत रक्त कमी आढळलें. हें केवळ दरिद्री घरांतील पाप आहे असें कोणीं समजूं नये. माडीवर राहणाऱ्यांच्या घरींहि मुलास सकाळीं चहांत बुडविलेलें बिस्किट मिळतें. आणि चहा तर अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं. नाचणी, डाळी, पालेभाजी व तिजवर पिळलेलें लिंबू, आणि ज्यांस चालतें त्यांनीं अंडें व मांस, हें मुलाच्या ताटांत आलें पाहिजे. लसीचेंहि तसेंच. गोवराची पहिली लस नवव्या महिन्यानंतर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत द्यावयाची असते. दुसरीच्या वेळीं मूल धडधाकट असतें, म्हणून ती विसरली जाते. सन २०२२ च्या अखेरीस मुंबईंत गोवंडी भागांत गोवरानें मुलें गेलीं, तेव्हां लस राहून जाण्याची किंमत काय असते, हें सर्वांस दिसलें.

कोणी म्हणेल, आमच्या आजीबाई हें कांहीं न जाणतां दहा-दहा मुलें वाढवीत होत्या. वाढवीत होत्या खऱ्या. पण जीं हातचीं गेलीं, त्यांची गणती कोणीं ठेविली? आजीची भाताची पेज व ताक हीं आजच्या शास्त्रासहि मान्य आहेत. तीं आम्ही आदरानें ठेवूं. तिनें पोटावर दिलेला डाग मात्र ठेवूं नये. जुनें म्हणून टाकावें असें नाहीं, तसें नवें म्हणून बाटली घ्यावी असेंहि नाहीं. कसोटी दोघांस एकच.

शेवटीं पुरुषवर्गास दोन शब्द. मुलाचें दुखणें हें बायकांचें काम, असें म्हणून आम्ही दुकानांत बसतों. आणि रुग्णालयांत न्यावयाचें कीं नाहीं, हें मात्र आमच्या होकारावांचून ठरत नाहीं. सून ओळखते कीं मूल सुकत चाललें आहे. पण सासूची परवानगी, नवऱ्याचे पैसे व गाडीची सोय होईपर्यंत दुपारची रात्र होते, आणि पाण्यावांचून आटलेल्या देहास रात्रीएवढी सवड नसते. म्हणून आमची मागणी थोडी आहे. प्रत्येक घरांत दोन खऱ्या पुड्या व जस्ताच्या गोळ्या असाव्यात. आईच्या हातीं विचारावें न लागणारे चार पैसे असावेत. आणि मूल घेऊन निघण्याचा अधिकार तिचा तिला असावा. दुकानदारांनीं पुडी पुढच्या फळीवर मांडावी व बाटली मागें ठेवावी. नोकरमाणसास मुलाच्या लसीच्या दिवशीं अर्ध्या दिवसाची रजा पगार न कापतां द्यावी. यांत सरकारचा ठराव लागत नाहीं, वर्गणी लागत नाहीं, सभाहि लागत नाहीं. उद्यां सकाळीं दुकान उघडतांनाच याची सुरुवात करतां येईल.