पडद्यामागची गर्दी

घरातला कॉम्प्युटर जरा जुना झाला की आपण त्याला म्हातारा ठरवून मोकळ्या होतो. बटण दाबायचं, गॅसवर चहाचं आधण ठेवायचं, चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तरी पडद्यावर ते गोल चक्र आपलं फिरतंच आहे! मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "द्या आता भंगारात." मी म्हणते, जरा थांबा. आधी त्याच्या डोक्यावर किती पाहुणे बसलेत ते तरी बघा.

आमच्या पेणमध्ये कॉम्प्युटर म्हणजे काही नुसती पोरांची करमणूक नाही. गावातल्या आणि हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत कोणती मूर्ती किती इंचांची, कुणाची आगाऊ रक्कम आली, परदेशी जाणाऱ्या मूर्तींची खोकी किती, हा सगळा हिशेब त्यात असतो. पोह्याचे पापड, मिरगुंडं करणाऱ्या बचत गटांच्या ऑर्डरी त्यात असतात. आणि हे हिशेब सांभाळणाऱ्या बऱ्याच जणी आपल्यातल्याच असतात. २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं, त्यानंतर गावोगावी एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले. कितीतरी सुनांनी पोरं शाळेत पाठवून दुपारच्या बॅचला नाव घातलं. माऊस धरताना हात थरथरायचा, तरी सर्टिफिकेट मिळवलंच! शिकलो, पण मशीन मात्र आपल्या वाट्याला येतं ते बहुधा मुंबईच्या कुठल्या तरी ऑफिसात वापरून झालेलं.

आमच्या ओळखीच्या एका पापड गटाची हीच गोष्ट. कॉम्प्युटर आठ-नऊ वर्षांचा. चालू व्हायला सहा-सात मिनिटं, त्यात बिलाचं पान उघडलं की ढिम्म. एका दुकानदाराने बघितल्यासारखं केलं आणि सांगितलं, "ताई, यात काही राम नाही. नवा घ्या, चाळीस हजारांत बसवून देतो." गटाकडे साठले होते तेवढेच पैसे, तेही वाळवणाच्या शेडसाठी. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आला की अंगणात घातलेले पापड उचलायला कशी धावाधाव होते ते ज्याचं त्यालाच ठाऊक. भिजलेला माल फेकावाच लागतो. खजिनदार वहिनी म्हणाल्या, "मग शेडचं काय?" मीटिंगमध्ये कुणी बोलेना.

तिथेच एका सभासदाची कॉलेजला जाणारी मुलगी आईला न्यायला आली होती. ती म्हणाली, "काकू, मी बघू का जरा?" कीबोर्डवरची कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं तिने एकदम दाबली. एक खिडकी उघडली. तिचं नाव टास्क मॅनेजर. त्यात 'स्टार्टअप' असं लिहिलेल्या जागी तिने क्लिक केलं आणि यादीच दाखवली. कॉम्प्युटर सुरू झाला की न बोलावता आपोआप उठून बसणारे एकंदर चौदा प्रोग्राम! कधीकाळी विकलेल्या प्रिंटरचा एक, गाण्यांचा एक, व्हिडिओ मीटिंगचे दोन, आणि अँटिव्हायरस तर दोन-दोन.

हे प्रोग्राम असतात कुठे, दिसत का नाहीत, असं मलाही वाटलं. तिने समजावलं ते मला कारखान्यातल्या उदाहरणाने पटकन कळलं. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर असतो ना, त्याच्यासमोरच्या टेबलावर चारच मूर्ती मावतात. बाकीच्या मागे फळ्यांवर. टेबल म्हणजे कॉम्प्युटरची रॅम, आणि फळ्या म्हणजे हार्ड डिस्क. टेबलावर आधीच तीन नको त्या मूर्ती कुणी आणून ठेवल्या तर त्या बिचाऱ्याला एक मूर्ती फळीवर ठेव, दुसरी उचलून आण, असं सारखं उठबस करावं लागेल. हात तेवढाच कुशल, पण काम पुढे सरकत नाही. कॉम्प्युटरचंही तसंच. रॅम भरली की तो हार्ड डिस्कची जागा उसनी घेतो, आणि हार्ड डिस्क रॅमपेक्षा फारच सावकाश चालते. जुन्या मशीनमध्ये रॅम असते चार जीबी. तिथे हे चौदा पाहुणे!

तर करायचं काय? त्या यादीत जो प्रोग्राम रोज लागत नाही त्याच्या नावावर माऊसचं उजवं बटण दाबायचं आणि 'डिसेबल' म्हणायचं. यात प्रोग्राम पुसला जात नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. तो फक्त आपणहून उठत नाही. लागेल तेव्हा तुम्ही हाक मारलीत की येतोच. (टास्क मॅनेजरची खिडकी लहानशीच उघडली तर खाली 'मोअर डिटेल्स' दाबा. विंडोज सात असेल तर ही यादी तिथे नसते, 'एमएसकॉन्फिग' नावाच्या ठिकाणी असते.) क्रोम तर आणखी वस्ताद. आपण खिडकी बंद केली तरी हा मागच्या दाराने आतच राहू शकतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' इथे बॅकग्राउंडला चालू राहण्याचं बटण आहे, ते बंद करून टाका. आणि एका वेळी पंचवीस पानं उघडी ठेवायची सवय असेल तर तीही सोडा. प्रत्येक पान टेबलावरची जागा खातं.

पण दिसेल ते बंद करत सुटू नका हं. 'विंडोज सिक्युरिटी', आवाजाचा, लॅपटॉपच्या टचपॅडचा प्रोग्राम यांना हात लावायचा नाही. मराठी टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर घातलं असेल तर तेही राहू द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी लेटरहेडवर मराठी उमटणार नाही आणि सगळं गाव शोधत बसाल. अँटिव्हायरस मात्र एकच ठेवायचा. दोन असले की दुप्पट रक्षण होतं हा गैरसमज आहे. एकाच फाइलची दोघं झडती घेतात आणि मशीन हैराण होतं. नावाचा अर्थ कळत नसेल तर कुणा जाणकाराला विचारा, तोवर तो प्रोग्राम तसाच असू द्या.

आणखी एक गंमत तिने सांगितली. विंडोज दहामध्ये आपण 'शट डाऊन' केलं तरी मशीन बहुधा पूर्ण रिकामं होत नाही. लवकर सुरू व्हावं म्हणून आतला काही भाग तसाच जपून ठेवलेला असतो. 'रीस्टार्ट' केलं तरच पाटी कोरी होते. म्हणून आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करावं. जो कॉम्प्युटर आठ-आठ दिवस बंद असतो तो उघडल्या उघडल्या रडतो, कारण साठलेले अपडेट आणि व्हायरसची तपासणी तो त्याच वेळी सुरू करतो. जेवायच्या आधी चालू करून ठेवा, ताटं उचलेपर्यंत त्याचंही आवरलेलं असेल.

'तुमचा कॉम्प्युटर स्लो आहे, इथे क्लिक करा' म्हणणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागू नका. ते साफसफाईवाले स्वतःच त्या यादीत पंधरावे होऊन बसतात. पडद्यावर नंबर देऊन 'ताबडतोब फोन करा' म्हणत असतील तर तो सरळसरळ गंडा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा.

चौदापैकी दहा बंद झाले. मशीन तीन मिनिटांत सुरू व्हायला लागलं. पुढे त्याच मुलीच्या सांगण्यावरून गटाने जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घेतली, आणि ही फळी टेबलाच्या बरीच जवळ आली म्हणायचं. खर्च नव्या कॉम्प्युटरच्या मानाने कितीतरी कमी. शेड एप्रिलच्या आत उभी राहिली.

एक गोष्ट मात्र यादी आवरून सुटत नाही. विंडोज दहाचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी कंपनीने ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षेची सोय जाहीर केली, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज अकरा साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर स्वीकारत नाही. अशा मशीनवर निदान बँकेचे व्यवहार तरी करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरा रस्ता लिनक्सचा. ते फुकट मिळतं, जुन्या मशीनवर हलकं चालतं, आणि केरळातल्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं त्यावरच शिकताहेत. टॅली वापरणाऱ्यांनी आधी चौकशी करावी, कारण ते विंडोजसाठी बनलेलं आहे. आणि लिनक्स घालून घ्यायचं ठरलं तर त्याआधी हिशेबाच्या फायली, सभासदांची यादी, मुलांचे फोटो, सगळं पेनड्राइव्हवर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतंय ना ते बघून घ्या. नवं घालताना जुनी डिस्क बहुधा पुसूनच टाकतात.