बहुसंख्य नोंदींचा एकत्रित भरणा

विठ्ठलवाडी स्थानकानजीकच्या वस्तीत पत्ता सांगावयाचा, तर कॅम्पचा व बराकीचा क्रमांक सांगावा लागतो. महायुद्धकालीन लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे पुष्कळ बराकी पडल्या, क्रमांक मात्र राहिले. ‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’ योजना २०२४ मध्ये निघाली, तेव्हा ज्या स्त्रियांना स्वतः ऑनलाइन अर्ज करणे शक्य नव्हते त्यांना अंगणवाडीत अर्ज देण्याची सोय होती. अशा पाचशे अर्जांचा गठ्ठा एपीआयद्वारे डेटाबेसमध्ये भरावयाचा आहे असे कल्पू. (योजनेची प्रत्यक्ष संगणकव्यवस्था हा येथे विषय नव्हे.)

एकेक अर्ज पाठविल्यास, प्रत्येक खेपेस एक-पंचमांश सेकंद धरला तरी, शंभर सेकंद जातात. शिवाय प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की करण्याचा खर्च पाचशे वेळा पडतो. सारा गठ्ठा एकदम पाठविल्यास हे दोन्ही खर्च जवळजवळ नाहीसे होतात. विद्यार्थी बहुधा येथेच थांबतो. वस्तुतः प्रश्न येथून सुरू होतो.

गठ्ठ्यातील एका अर्जात बराकीचा रकाना रिकामा आहे. सर्व नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असतील तर उरलेल्या ४९९ स्त्रियांचे अर्जही परत फिरतील. जमाखर्चात अशी ‘सर्व किंवा काहीच नाही’ ही शिस्त अत्यावश्यक होय, कारण जमेवाचून नावे टाकता येत नाही. पण एकीच्या चुकीचा दुसरीच्या अर्जाशी संबंध काय? येथे प्रत्येक नोंदीचा निकाल, नाकारल्याच्या कारणासह, पृथक् दिला पाहिजे. मात्र एका कुटुंबातील एकच अविवाहित स्त्री पात्र ठरत असल्याने एका घरचे अर्ज परस्परांपासून सर्वस्वी स्वतंत्र नाहीत; ते एकत्र तपासावे लागतील. तेव्हा ट्रान्झॅक्शनचे एकक नोंदही नव्हे आणि गठ्ठाही नव्हे, तर कुटुंब होय.

याहून बिकट प्रसंग उत्तर हरवण्याचा. नोंदी पक्क्या झाल्या, पण निरोप परत येण्यापूर्वी संपर्क तुटला. गठ्ठा पुन्हा पाठवावा तर दुबार नोंदीची भीती. आधार क्रमांकावर अनन्यतेचे बंधन घातल्यास दुबार नोंद अडेल खरी, परंतु दुसऱ्या खेपेस पाचशेही अर्ज ‘नाकारले’ असे उत्तर येईल, आणि सेविका बायकांना तेच सांगेल! म्हणून पाठविणाऱ्याने गठ्ठ्यास स्वतःचा क्रमांक द्यावा, आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास सर्व्हरने पहिलेच उत्तर परत करावे. हा क्रमांक नोंदींबरोबर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये साठविला नाही, तर मात्र तो व्यर्थ ठरतो. कुटुंबागणिक ट्रान्झॅक्शन ठेवले असल्यास प्रत्येक कुटुंबाच्या निकालासोबत गठ्ठ्याचा क्रमांकही साठवावा लागेल. अर्धवट राहिलेला गठ्ठा मग उरलेल्या कुटुंबांपासून पुढे चालविता येतो.

गठ्ठ्याच्या आकारासही मर्यादा आहे. पोस्टग्रेसमध्ये एका आज्ञेत ६५,५३५ हून अधिक प्राचले पाठविता येत नाहीत. चौदा रकान्यांच्या ५,००० नोंदींची ती ७०,००० होतात. आपले पाचशे अर्ज ७,००० प्राचलांतच बसतात.