आपोआप जाणारा पैसा, आठवणीने भरायचा पैसा

रक्तदाबाचा रुग्ण गोळ्या संपल्या म्हणून दवाखान्यात येतो, तेव्हा त्या नेमक्या कधी संपल्या हे मी आवर्जून विचारतो. उत्तर पुष्कळदा ‘झाले आठ-दहा दिवस’ असे असते. त्याच घरातून ओटीटीची आणि कोणी फिरकत नसलेल्या जिमची वर्गणी मात्र एक दिवसही न चुकता गेलेली असते, कारण ती भरायला कोणाच्या स्मरणशक्तीची गरजच उरलेली नाही. आवश्यक खर्च आठवणीवर आणि अनावश्यक खर्च यंत्रावर, अशी ही उलटी व्यवस्था आहे. ती सुलटी करणारे साधे अ‍ॅप आपण घरीच तयार करू शकता.

गुगल शीट्समध्ये तक्ता मांडून तो अ‍ॅपशीटला जोडला, की एक ओळही कोड न लिहिता मोबाइलवर अ‍ॅप उघडते. आठवी-नववीतल्या मुलांकडे हे काम खुशाल सोपवावे. त्यांना ते आपल्याहून लवकर जमते आणि घर किती पैशांत चालते हेही कळते.

रोजच्या खर्चाच्या तक्त्यात तारीख, रक्कम आणि कारण एवढे पुरे. खरे काम दुसऱ्या तक्त्याचे. त्यात वर्गणीचे नाव, रक्कम, आवर्तन, पुढील तारीख, कोणत्या खात्यातून जाते आणि ‘शेवटचा वापर कधी’ असे रकाने ठेवावेत. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरला, तर काय बंद करायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. आवर्तन लिहिताना मात्र काळजी घ्यावी. महिन्याच्या वर्गणीत सरसकट 30 दिवस मिळवत गेल्यास वर्षाला पाच दिवसांची चूक साचते. तेथे ‘ईडेट’ हे सूत्र वापरावे. उलट 28 दिवसांचे मोबाइल रिचार्ज दिवसांनीच मोजावे. ते वर्षात 12 नव्हे, 13 वेळा करावे लागते!

आता याच तक्त्यात जे आपोआप भरले जात नाही तेही लिहा. नेहमीचे औषध ही एक वर्गणीच आहे. उरलेल्या गोळ्यांना रोजच्या मात्रेने भागले, की ती कोणत्या तारखेला संपणार ते कळते. आरोग्यविम्याचा वार्षिक हप्ता तर ठळक अक्षरांत असावा. मुदत उलटल्यावर 30 दिवसांत तो भरल्यास पॉलिसीचे सातत्य टिकते, पण मधल्या दिवसांतल्या आजारपणाला संरक्षण नसते. तेही दिवस हुकले, तर नव्या पॉलिसीत जुन्या आजारांचा प्रतीक्षा कालावधी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. साठीतल्या मधुमेही माणसाला हे फार महागात पडते. म्हणून विम्याची ओळ 30 दिवस आधी, औषधाची सात दिवस आधी लाल व्हावी, अशी सोय करावी. तक्ता स्वतःहून हाक मारत नाही. दर रविवारी चहाबरोबर तो उघडायचा, एवढी शिस्त आपल्याला पाळावी लागेल.

नको असलेली वर्गणी थांबवताना पुष्कळांची फसगत होते. मोबाइलमधून अ‍ॅप काढून टाकल्याने पैसे जाणे थांबत नाही. यूपीआय अ‍ॅपमधील ‘ऑटोपे’ विभागात जाऊन दिलेली परवानगी रद्द करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर 2021 पासून लागू झालेल्या नियमांनुसार कार्डावरील अशा वजावटीची सूचना किमान 24 तास आधी येते. जाहिरातींच्या गर्दीत तो संदेश न वाचता पुसला जातो, ही निराळी गोष्ट.

खर्चाची नोंद आपोआप करून देणारी तयार अ‍ॅप अनेकदा मोबाइलवरील सर्व संदेश वाचण्याची परवानगी मागतात. ओटीपीही तेथेच येतात, त्यामुळे मी ती परवानगी देत नाही. आपल्या घरच्या तक्त्यातही पिन, पासवर्ड वा पूर्ण खाते क्रमांक लिहू नये. कार्ड ओळखण्यापुरते शेवटचे चार आकडे पुरेसे असतात.